‘हाथी मेरे साथी’चं संगीत : मुक्या सोबत्यासाठी गायलेली गाणी

सिल्वासा : शाळेचं स्नेहसंमेलन असो, बाळाचा पहिला वाढदिवस असो की गणपतीच्या मांडवातला छोट्यांचा नाच, ‘चल चल चल मेरे हाथी’ लागलं की पोरं आपोआप एकामागे एक रांग धरतात. हाताची सोंड करतात. पन्नास वर्षं उलटून गेली, पण हे गाणं काही म्हातारं झालं नाही. सिल्वासात, वापीत, तलासरीत किंवा पलीकडे बेळगाव-निपाणीत, कुठेही ते लावा, कोणाला अर्थ सांगावा लागत नाही.

गंमत अशी की, त्याच चित्रपटातलं शेवटचं गाणं मात्र वाढदिवसाला कोणी लावत नाही. ते ऐकून मोठी माणसं गप्प होतात. मोहम्मद रफींनी गायलेलं ‘नफरत की दुनिया को छोड़ के’ हे ते गाणं. पहिलं गाणं हत्तीशी दोस्ती करतं, शेवटचं गाणं त्या दोस्तीचा हिशेब माणसाकडे मागतं. या दोन गाण्यांच्या मधलं अंतर म्हणजेच ‘हाथी मेरे साथी’ हा चित्रपट. त्याच्या संगीताची ही सविस्तर ओळख.

थोडक्यात माहिती

चित्रपट : हाथी मेरे साथी (हिंदी, रंगीत)
प्रदर्शन : १९७१
निर्माते : सँडो एम. एम. ए. चिन्नप्पा देवर
दिग्दर्शक : एम. ए. तिरुमुगम
पटकथा : सलीम-जावेद
संवाद : इंदर राज आनंद
गीतकार : आनंद बक्षी
संगीतकार : लक्ष्मीकांत-प्यारेलाल
पार्श्वगायन : किशोरकुमार, लता मंगेशकर, मोहम्मद रफी
प्रमुख भूमिका : राजेश खन्ना, तनुजा, मदन पुरी, के. एन. सिंग, सुजितकुमार आणि अर्थातच रामू हत्ती

मूळ दक्षिणेतलं, गाणी मुंबईची

चित्रपट हिंदी असला तरी त्याचा जन्म तमिळनाडूतला. निर्माते चिन्नप्पा देवर हे कोइम्बतूरकडचे. तालमीतलं शरीर, म्हणून नावामागे ‘सँडो’ लागलं. मुरुगन देवाचे ते निस्सीम भक्त होते. पडद्यावर जनावरं आणायची आणि ती नुसती शोभेला न ठेवता गोष्टीतली पात्रं करायची, ही त्यांची खासियत. दिग्दर्शक तिरुमुगम हे त्यांचेच भाऊ. ‘दैव चेयल’ हा त्यांचा १९६७ चा तमिळ चित्रपट, त्यातली कल्पना घेऊन पुढे हिंदी चित्रपट उभा राहिला.

हिंदीसाठी देवर यांनी त्या वेळचा सगळ्यात मोठा नट घेतला. १९६९ च्या ‘आराधना’नंतर राजेश खन्ना यांच्या नावाचं वेड देशभर पसरलं होतं. नायिका तनुजा, म्हणजे शोभना समर्थ यांची धाकटी कन्या, आपल्या मराठी घरातली. पटकथा सलीम-जावेद या तेव्हाच्या नव्या जोडीकडे गेली. पुढे ‘जंजीर’ आणि ‘शोले’ लिहिणारी हीच ती जोडी.

पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, देवर यांनी हीच गोष्ट तमिळमध्ये पुन्हा केली. नाव ‘नल्ल नेरम’, नायक एम. जी. रामचंद्रन. त्याचं संगीत के. व्ही. महादेवन यांनी दिलं. म्हणजे गोष्ट आणि हत्ती राज्याची सीमा ओलांडून गेले, पण चाली गेल्या नाहीत. तिकडच्या प्रेक्षकासाठी तिकडच्या चाली झाल्या. ‘चल चल’ची मालकी हिंदीकडेच, पर्यायाने लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडेच राहिली.

गोष्ट काय आहे

राजू लहानपणी पोरका होतो. त्याला हत्तींचा आधार मिळतो. एकदा बिबट्याच्या तावडीतून हत्तीच त्याला वाचवतो. मोठा झाल्यावर राजू आपल्या चार हत्तींना घेऊन रस्त्यावर खेळ करतो आणि त्यावर पोट भरतो. त्यातला रामू त्याचा जिवाभावाचा. हळूहळू दिवस पालटतात. राजू प्राण्यांसाठी एक मोठी जागा उभारतो. तिचं नाव ‘प्यार की दुनिया’. हे नाव लक्षात ठेवा, गाण्यांकडे वळल्यावर ते पुन्हा येणार आहे.

श्रीमंत घरातल्या तनूशी राजूचं लग्न होतं. बाळ होतं. मग तनूच्या मनात भीती शिरते, या एवढ्या मोठ्या जनावराने बाळाला काही केलं तर? एका बाजूला बायको-मूल, दुसऱ्या बाजूला ज्याने जीव वाचवला तो हत्ती. घर फुटतं. शेवटी ते घर जोडण्यासाठी रामूच पुढे होतो, आणि खलनायकाच्या गोळीला बळी पडतो.

गोष्ट साधी आहे. पण तिच्यात एक अडचण आहे, ती प्रत्येक प्राणीपटात असते. रामू बोलत नाही. त्याला संवाद नाहीत. त्याच्या मनातलं प्रेक्षकापर्यंत पोचवायचं कसं? सोंडेने, डोळ्यांनी आणि प्रशिक्षणाने जेवढं जमतं तेवढं कॅमेरा दाखवतो. उरलेलं काम संगीताला करावं लागतं. देवर यांच्या चित्रपटात हत्तीचे संवादलेखक लक्ष्मीकांत-प्यारेलाल आणि आनंद बक्षी आहेत, असं म्हटलं तर ते चुकीचं होणार नाही.

कुडाळकर आणि शर्मा

लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर यांचा जन्म १९३७ चा, मुंबईतला. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जन्म झाला म्हणून नाव लक्ष्मीकांत. आडनावातच कुडाळ आहे, सिंधुदुर्गातलं, गोव्याच्या वेशीवरचं. वडील लवकर गेले, विलेपार्ल्याला हलाखीत बालपण गेलं, आणि मँडोलिन हाताशी आलं ते कमाईचं साधन म्हणून.

प्यारेलाल रामप्रसाद शर्मा यांचा जन्म १९४० चा. वडील पंडित रामप्रसाद शर्मा नामांकित ट्रम्पेटवादक. व्हायोलिनचे धडे प्यारेलाल यांनी गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे घेतले. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधल्या अँथनीच्या त्या प्रसिद्ध गाण्यात हेच नाव आलं आहे. शिष्याने गुरूला केलेला तो नमस्कार होता.

ही दोन मुलं भेटली ती मंगेशकर भावंडांनी मुलांसाठी चालवलेल्या सुरेल कला केंद्रात. लहानग्या लक्ष्मीकांतचं मँडोलिन लतादीदींनी कुलाब्याच्या रेडिओ क्लबातल्या कार्यक्रमात ऐकलं, आणि घरची परिस्थिती कळल्यावर मोठ्या संगीतकारांकडे या मुलांसाठी शब्द टाकला. पुढे वाद्यवृंदात वाजवत वाजवत ही जोडी संयोजक झाली. १९६३ च्या ‘पारसमणी’पासून स्वतंत्र संगीतकार म्हणून लोकांसमोर आली, आणि ‘दोस्ती’ (१९६४) साठी फिल्मफेअर पुरस्कार घेऊन गेली. लक्ष्मीकांत १९९८ मध्ये गेले. प्यारेलाल यांना २०२४ मध्ये पद्मभूषण जाहीर झालं.

सिल्वासाच्या वाचकाला या मंगेशकर धाग्याचं वेगळं अप्रूप वाटायला हवं. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या ताब्यातून सोडवायची तयारी चालू होती, तेव्हा पैशांची अडचण होती. त्या वेळी पुण्याच्या हिराबागेत लता मंगेशकर यांनी या कामासाठी निधी उभा करायला गाण्याचा कार्यक्रम केला. संगीतकार सुधीर फडके तर स्वतः लढ्यात उतरले. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मोकळं झालं. ज्या गळ्याने आपल्या गावासाठी पैसे उभे केले, त्याच गळ्याने सतरा वर्षांनी ‘हाथी मेरे साथी’मधली युगुलगीतं गायली. संबंध थेट नाही, पण मायेचा आहे.

गाणी एकेक करून

चित्रपटातली सहा गाणी लोकांच्या लक्षात राहिली. त्यातल्या पाचांत किशोरकुमार आहेत. ‘आराधना’नंतर राजेश खन्ना म्हटलं की किशोरचा आवाज, हे समीकरण पक्कं होत होतं, त्यामुळे यात नवल नाही. नवल सहाव्या गाण्याचं आहे, त्याकडे नंतर येऊ.

*चल चल चल मेरे हाथी (किशोरकुमार)* : बंद पडलेली मोटार आणि ती चालवायला हत्तीची ताकद, असा हा मजेचा प्रसंग. हत्ती धावत नाही, डुलत चालतो. गाण्याचा ठेकाही तसाच आहे, पाऊल टाकायचं, थोडं झुलायचं, पुन्हा पाऊल. लहान मुलाला पाय आपटत चालता येईल इतकी सोपी लय. चालीत मोठ्या हरकती नाहीत, स्वरांच्या उड्या नाहीत. बालवाडीतलं पोर ती दोनदा ऐकून म्हणू शकतं. किशोर त्यात हत्तीशी बोलल्यासारखे गातात, हुकूम सोडल्यासारखे गात नाहीत. ‘साथी’ हा शब्द पटतो तो त्यामुळेच. माहूत आणि जनावर यांच्यातलं नातं इथे दोन मित्रांचं होऊन जातं.

*दुनिया में रहना है तो (किशोरकुमार)* : रस्त्यावरच्या खेळाचं गाणं. जगायचं तर काम करा, लोकांना नमस्कार करा, असा साधा व्यवहारी उपदेश राजू हत्तींना देतो. ऐकणाऱ्याला कळतं की तो स्वतःलाच समजावतोय. डोंबारी, मदारी, नंदीबैलवाला ज्या सुरात गर्दी जमवतो, त्या ढंगाचं हे गाणं. आपल्याकडे नंदीबैल मान हलवून होकार देतो ना, तसाच हा संवाद. माणूस बोलतो, जनावर अंगाने उत्तर देतं, आणि गर्दी हसते. पण पोटासाठी हात पसरणारे दोघंही आहेत, हे गाणं हसता हसता सांगून जातं.

*दिलबर जानी (लता मंगेशकर, किशोरकुमार)* : वाऱ्यावर उडत जाणारं प्रेमगीत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा हात ओळखायचा तर तालवाद्यांकडे कान द्यावा. त्यांच्या गाण्यांतला ढोलकचा ठेका हा त्यांचा शिक्काच. मागे तंतुवाद्यांचा मोठा ताफा आणि पुढे अंगात येणारा ठेका, ही त्यांची नेहमीची रचना.

*सुन जा ऐ ठंडी हवा (लता मंगेशकर, किशोरकुमार)* : हे दुसरं युगुलगीत, पहिल्यापेक्षा शांत. गार वाऱ्याशी बोलत बोलत एकमेकांशी बोलणारं. या गाण्यात प्राणी नाहीत म्हटलं तरी चालेल, पण गोष्टीला त्याची गरज आहे. तनू राजूच्या आयुष्यात किती खोल शिरली आहे, हे इथे कळलं नाही, तर पुढे बायको की हत्ती हा पेच पोकळ वाटला असता.

*धक धक कैसे चलती है गाड़ी (लता मंगेशकर, किशोरकुमार)* : नावातच आगगाडी आहे. चाकांचा ताल गाण्याच्या तालात उतरला आहे. घरातल्या सुखाचे हे दिवस. प्राणी, माणसं, सगळी एकाच गाडीत बसली आहेत असं वाटावं, इतका मोकळा मूड.

ही पाच गाणी एकत्र ऐकली की एक गोष्ट ध्यानात येते. बरीचशी चालीची, प्रवासाची, हालचालीची गाणी आहेत. हत्ती चालतो, वारा वाहतो, गाडी पळते. चित्रपटभर आपण कुठेतरी निघालो आहोत, आणि सोबत रामू आहे. म्हणून जेव्हा रामू थांबतो, तेव्हा गाणंही थांबल्यासारखं होतं.

सहावं गाणं आणि बदललेला आवाज

‘नफरत की दुनिया को छोड़ के’ रामूच्या मरणानंतर येतं. पडद्यावर राजेश खन्नाच आहेत, पण आवाज किशोरचा नाही. मोहम्मद रफींचा आहे.

आधीची पाच गाणी किशोर यांच्या खेळकर आवाजात ऐकून कान सरावलेले असतात. रफींचा आवाज आला की आपण दचकतो, कारण काही कळायच्या आत आपल्याला जाणवतं की घरातलं काहीतरी बदललं आहे. लय संथ होते. अंतऱ्यात रफी वर चढतात तेव्हा तो रडण्याचा सूर नसतो, जाब विचारण्याचा असतो. हे गाणं एकाच आवाजात बांधलं असतं तर बाकीच्या पाचांमध्ये ते मिसळून गेलं असतं. वेगळ्या आवाजामुळे ते चित्रपटापासून थोडं सुटं होऊन उभं राहतं, साक्षीदारासारखं.

आनंद बक्षी यांचं काम इथे नीट बघण्यासारखं आहे. त्यांचे शब्द सोपे असतात, कठीण उर्दू नाही, अलंकार नाहीत. मुखड्यात ते राजूच्या प्राणिसंग्रहालयाचं नाव, ‘प्यार की दुनिया’, उचलून आणतात. जी पाटी आतापर्यंत कमानीवर होती, ती आता परलोकाचं नाव होते. राजूने जिवंत रामूसाठी उभारलेली जागा आणि मेलेल्या रामूला दिलेला निरोप, दोन्हींना एकच नाव. मुलांना त्यातला निरोप कळतो, मोठ्यांना त्यातली टोचणी कळते.

अंतऱ्यात तर ते सरळ युक्तिवादच मांडतात. जनावराने माणूस मारला तर सगळे त्याला रानटी म्हणतात. मग आज माणसाने जनावराचा जीव घेतला आहे, तर सगळे गप्प का? एवढाच प्रश्न. त्याला गाण्यात उत्तर नाही. सोप्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाची हीच तर ताकद असते, टाळायला जागा मिळत नाही.

या गाण्याबद्दल आनंद बक्षी यांचा प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेने, म्हणजे एसपीसीएने, विशेष पुरस्कार देऊन गौरव केला. प्राण्यांच्या दयेसाठी भाषणं पुष्कळ होतात, पण एका चित्रपटगीताची अशी दखल घेतली जाणं विरळाच. दुसरीकडे तबकड्यांच्या विक्रीबद्दल ग्रामोफोन कंपनीने, म्हणजे एचएमव्हीने, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना रौप्य तबकडी दिली. एकाच चित्रपटाच्या गाण्यांना बाजारानेही मान दिला आणि भूतदयेच्या चळवळीनेही.

त्यानंतरची प्राणीपटांची गाणी

‘हाथी मेरे साथी’ चालला तसा देवर यांनी हिंदीत हा रस्ता सोडला नाही. ‘गाय और गोरी’ (१९७३) मध्ये जया भादुरी आणि गाय, तर ‘मां’ (१९७६) मध्ये धर्मेंद्र, हेमामालिनी आणि पुन्हा हत्ती. दोन्हींचं संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचंच. १९८५ मध्ये के. सी. बोकाडिया यांच्या ‘तेरी मेहरबानियां’त जॅकी श्रॉफसोबत कुत्रा होता. तिथेही संगीतकार तेच, आणि शब्बीरकुमार यांनी गायलेलं शीर्षकगीत लोकांच्या डोळ्यांत पाणी आणून गेलं. हिंदी प्राणीपटाचा आवाज बऱ्याच अंशी या एका जोडीने घडवला.

मराठीत या वाटेवरचा ठळक चित्रपट म्हणजे मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ (२००८). जुन्नरकडच्या डोंगरातला पोरगा आणि त्याचा बैल चितंग्या. बैल जायबंदी होतो, बाप कर्जात, आणि जनावर खाटकाला विकायची वेळ येते. टिंग्या झालेल्या शरद गोयेकर या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इथे मोठ्या नायकाची नाचगाणी नाहीत, माणसाच्या बोलण्यात आणि बैलाच्या गप्प राहण्यातच सगळं आहे. पोळ्याला बैलाची खांदेमळणी करणाऱ्या आणि त्याच बैलाला म्हातारपणी बाजारात नेणाऱ्या घराला हा चित्रपट ओळखीचा वाटतो. ‘हाथी मेरे साथी’ने गाऊन विचारलेला प्रश्न ‘टिंग्या’ने जवळजवळ कुजबुजत विचारला.

एक खुलासा. २०२१ मध्ये राणा दग्गुबाती यांचा ‘हाथी मेरे साथी’ याच नावाने आला. त्याचे दिग्दर्शक प्रभू सॉलोमन, संगीतकार शंतनू मोइत्रा. जंगल वाचवण्याची ती वेगळी गोष्ट आहे. जुन्या चित्रपटाची ती नवी आवृत्ती नाही. गाणी शोधताना दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून वर्ष बघूनच शोधावं.

सीमाभागातला हत्ती आज

१९७१ मध्ये पडद्यावर हत्ती पाहणाऱ्या मराठी माणसाला हत्ती म्हणजे सर्कस, देवस्थान नाहीतर दसऱ्याची मिरवणूक. आज सीमाभागातल्या मराठी माणसाला हत्ती वेगळ्या तऱ्हेने भेटतो.

लक्ष्मीकांत यांच्या आडनावातलं कुडाळ ज्या जिल्ह्यात आहे, त्याच सिंधुदुर्गात दोडामार्ग-तिलारीच्या पट्ट्यात २००२ च्या सुमारापासून कर्नाटकातून रानहत्ती येऊ लागले. केळी, माड, पोफळी, भात यांची नासधूस झाली. माणसांचे जीवही गेले. कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र अशा तिन्ही राज्यांच्या हद्दी हत्तीला ठाऊक नाहीत, पण भरपाईच्या कागदाला त्या पक्क्या ठाऊक आहेत. ज्याची बाग एका रात्रीत आडवी झाली त्याला ‘साथी’ हा शब्द ऐकून राग येणारच, आणि तो राग खोटा नाही.

दुसरं चित्र कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीचं. तिथल्या जैन मठातली महादेवी, लोकांची लाडकी माधुरी हत्तीण, जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानुसार गुजरातेत जामनगरच्या वनतारा केंद्रात गेली. तिच्या तब्येतीची आणि एकटेपणाची काळजी हे एका बाजूचं म्हणणं. पिढ्यान्‌पिढ्यांची माया हे दुसऱ्या बाजूचं. तिला निरोप देताना गाव रडलं, आणि पुढे कोल्हापुरात मोठे मोर्चे निघाले. प्रेम असलं म्हणजे प्राण्याचं भलं होतंच का, आणि भलं करायचं तर प्रेमाच्या माणसांना विचारायचं की नाही, हा पेच त्या दिवसांत घराघरात बोलला गेला.

चित्रपटातला पेचही असाच होता. तनूची भीती खोटी नव्हती, राजूची मायाही खोटी नव्हती. पटकथेने शेवटी रामूला मारून तो सोडवला. खऱ्या आयुष्यात तशी सोय नाही. २०१० मध्ये केंद्र सरकारने हत्तीला राष्ट्रीय वारसा प्राणी म्हणून घोषित केलं. पण वारसा सांभाळायचा खर्च ज्याच्या बागेतून जातो त्या शेतकऱ्याला वेळेवर भरपाई मिळणं, आणि मठात, देवळात, सर्कशीत साखळीला असलेल्या जनावराच्या पायाची काळजी घेतली जाणं, ही दोन्ही कामं गाण्याने होत नाहीत. गाणं फक्त प्रश्न जिवंत ठेवतं.

वाचकांचे नेहमीचे प्रश्न

*‘चल चल’ रफींचं की किशोरचं?* किशोरकुमार यांचं. रफींचं गाणं ‘नफरत की दुनिया’.

*गाणी कोणी लिहिली?* सगळी आनंद बक्षी यांनी. पटकथा सलीम-जावेद यांची असल्यामुळे काही जण गाणीही जावेद अख्तर यांची समजतात. ते तेव्हा गीतकार म्हणून पुढे आलेले नव्हते.

*लक्ष्मीकांत-प्यारेलाल मराठी का?* लक्ष्मीकांत कुडाळकर मराठी भाषक घरातले. प्यारेलाल शर्मा यांचं घराणं उत्तरेकडचं, पण त्यांचं सगळं आयुष्य मुंबईतल्या वाद्यवृंदांत गेलं.

*मुलांना चित्रपट दाखवावा का?* जरूर दाखवावा. शेवट रडवणारा आहे, हे आधी सांगून ठेवावं आणि शेजारी बसावं. आपल्याकडे रविवारी मुलांना वासोण्याच्या सिंह सफारीला नेतो, तेव्हा ती जाळीआडून हाका मारतात, हसतात, फोटो काढतात. त्या मुलांना घरी आल्यावर आधी ‘चल चल’ लावून द्यावं, नाचू द्यावं. मग कधीतरी, थोडी मोठी झाल्यावर, शेवटचं गाणंही ऐकवावं. त्यातला प्रश्न कळायला फार हिंदी यावी लागत नाही. आणि एखाद्या पोराने उलटून विचारलंच की मग सगळे गप्प का होते, तर उत्तर आपल्यालाच द्यायचं आहे.